डाय की पिगमेंट? शाई ठरवण्याआधी भिंत बघून या

वाईला मावशीच्या घरी मी कासच्या पठाराचा एक फोटो छापून दिला होता. सीतेच्या आसवांनी जांभळं झालेलं पठार, मागे पावसाळी ढग, बारा बाय अठरा इंच. डाय शाईच्या प्रिंटरवर, चांगल्या ग्लॉसी कागदावर. फ्रेमवाल्याला मीच सांगितलं, काच नको, रंग दबतात. मावशीनं तो ओसरीवर पूर्वेच्या खिडकीसमोर लावला. दुसऱ्या दिवाळीला गेलो तर पठार विटक्या गुलाबी रंगाचं झालं होतं आणि ढगांतला निळा जवळजवळ निघून गेला होता. फ्रेम खोलली तेव्हा लाकडी पट्टीखाली झाकलेल्या कडेला एक बारीक रेघ मूळच्या जांभळ्या रंगाची तशीच होती. त्याच दिवशी, त्याच शाईनं, त्याच कागदावर छापलेली दुसरी प्रत माझ्या कपाटात अल्बममध्ये होती. घरी येऊन ती काढली. काल छापल्यासारखी ताजी.

शाई तीच, कागद तोच, भिंत वेगळी. तेव्हापासून साताऱ्यात माझ्याकडे कोणी चित्रकार किंवा फोटोग्राफर येऊन "डाय घेऊ की पिगमेंट?" असं विचारतो, तेव्हा मी आधी विचारतो की चित्र लागणार कुठे. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं लिहिलंय: आधी भिंत, मग कागद, मग रंग, मग तुमची छापण्याची सवय, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात. प्रिंटर आधी घेतात आणि मग त्याच्यासाठी भिंत शोधतात.

विरघळलेला रंग आणि तरंगणारा रंग

दोन्ही शायांमधला फरक समजायला रसायनशास्त्र लागत नाही. रंगपंचमीचा रंग बादलीत टाकला की पाण्यात विरघळून जातो, पाणी गाळलं तरी रंगीतच राहतं. गेरू पाण्यात कालवला तर तो विरघळत नाही, तरंगतो, आणि बादली तशीच ठेवली तर सकाळी तळाशी बसलेला असतो. डाय शाई पहिल्या जातीची, पिगमेंट शाई दुसऱ्या. पिगमेंटचे कण अतिशय बारीक, साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात, आणि चांगल्या शाईत प्रत्येक कणाला राळेसारख्या पदार्थाचं पातळ आवरण असतं. ते कण एकमेकांना चिकटू नयेत आणि कागदावर नीट बसावेत म्हणून.

कागदावर पडल्यावर डाय कागदाच्या लेपात मुरते. पिगमेंट बहुतांशी वर बसतं. पुढचे जवळजवळ सगळे फायदे-तोटे या एका गोष्टीतून निघतात.

टिकण्याचं कारणही यातच आहे. साडीवर हळदीचा डाग पडला की घरातल्या बायका ती धुऊन उन्हात वाळत घालतात आणि डाग उडतो. हळदीतला पिवळा रंग प्रकाशात मोडतो म्हणून. डायचा प्रत्येक रेणू असाच सुटा, उघडा असतो. ऊन लागलं की तो मोडतो आणि तेवढा रंग गेला. पिगमेंटच्या कणात असे असंख्य रेणू एकत्र दाटीनं बसलेले असतात. वरचा थर झिजला तरी आतला शिल्लक असतो. तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू उन्हात विटायला वेळ लागतो, तोही पिगमेंटच.

प्रिंटरच्या पिगमेंट शाईत अर्थात गेरू नसतो. काळ्यासाठी कार्बन म्हणजे काजळीचाच भाऊ, आणि बाकीचे रंग कृत्रिम पण टिकाऊ. कार्बनचा काळा फार भरवशाचा. पिवळा बऱ्याच संचांत कच्चा दुवा असतो. म्हणून सूर्यास्त आणि सोनकीच्या फुलांचे प्रिंट कृष्णधवल प्रिंटपेक्षा जास्त जपावे लागतात, पिगमेंटमध्येसुद्धा.

ऊन हा एकच शत्रू नाही. दुसरा शत्रू हवा, आणि त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हवेतला ओझोन डाय खातो, विशेषतः सायन, म्हणजे छपाईतला निळा. हल्लीचे "लगेच वाळणारे" फोटोपेपर अतिसूक्ष्म छिद्रांचे असतात. शाई त्या छिद्रांत शिरते म्हणून बोट लावलं तरी पुसत नाही, पण त्याच छिद्रांतून हवाही आत जाते. २००० साली बाजारात आलेल्या काही डाय प्रिंटरांचे प्रिंट अशाच कागदावर आठवड्यांत नारिंगी पडायला लागले होते. सायन हवेनं खाल्ला आणि उरले मॅजेंटा (छपाईतला गुलाबीसर लाल) व पिवळा. माझ्या मावशीच्या फोटोत गुलाबी उरला तोही सायन गेल्यामुळेच. काच लावली असती तर निदान हवा अडली असती. "रंग दबतात" म्हणून काच नको सांगणारा मीच होतो.

पहिलं काम: भिंत

चित्र जिथे लागणार तिथे शक्य असेल तर स्वतः जा. नाहीतर गिऱ्हाईकाकडून सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे भिंतीचे तीन फोटो मागवा. तीन गोष्टी बघा: थेट ऊन येतं का, मोकळी हवा किती खेळते, आणि भिंत ओल धरते का.

उन्हाचा हिशोब मी एका कागदावर मांडून दाखवतो, तो तुम्हीही मांडून बघा. प्रिंट किती वर्षं टिकेल हे सांगणाऱ्या प्रयोगशाळांपैकी सगळ्यात परिचित नाव विल्हेल्म इमेजिंग रिसर्च. त्यांचा हिशोब असा धरलेला असतो की चित्रावर रोज १२ तास ४५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रकाश पडतो. वर्षाला ते सुमारे २० लाख लक्स-तास होतात. आपल्याकडचं थेट दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं. म्हणजे २० तास थेट ऊन म्हणजे प्रयोगशाळेचं एक वर्ष. ओसरीवर रोज तासभर सकाळचं तिरपं ऊन आलं आणि त्याची ताकद निम्मी धरली तरी महिना-सव्वा महिन्यात एक "वर्ष" संपतं. गणित ढोबळ आहे, कारण काचेतून येणारं, तिरपं, ढगातलं ऊन सारखं नसतं. पण "साठ वर्षं टिकेल" हे वाक्य कोणत्या भिंतीवर खरं आणि कोणत्या भिंतीवर खोटं, ते यावरून कळतं. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक चित्रांवर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात, तो यासाठीच.

खोक्यावरचे आकडे वाचताना शेवटचा शब्द वाचा. कॅननच्या डाय शाईच्या पद्धतीचं नाव क्रोमालाइफ १००. त्यातले १०० म्हणजे अल्बममधली वर्षं. त्याच शाईसाठी कंपनीनं सुरुवातीला दिलेले आकडे प्रकाशात सुमारे ३० वर्षं आणि हवेतल्या वायूंसमोर सुमारे १० वर्षं, असे होते. खोटं काहीच नाही. अल्बम म्हणजे अंधार आणि बंद हवा. माझ्या कपाटातली प्रत ताजी राहिली तीही म्हणूनच.

या पायरीवर माझा निर्णय असा असतो. अल्बम, फोटोबुक, वर्षभर लागून बदललं जाणारं चित्र, दुकानातला बोर्ड, स्पर्धेला पाठवायचा प्रिंट यांना डाय पुरते. पैसे घेऊन विकलेलं, सही केलेलं, क्रमांक घातलेलं चित्र असेल तर पिगमेंट, यात तडजोड नको. ज्यानं पैसे मोजले त्याच्या घरात चित्र विटलं तर ते कागदापुरतं राहत नाही, तुमच्या सहीवरचा विश्वास जातो. थेट उन्हाच्या भिंतीला मात्र कुठलीच शाई देऊ नका. भिंत बदलायला सांगा. मावशीला मी आता तेच सांगितलं.

प्रदर्शनांत "जिक्ले प्रिंट" अशी पाटी दिसते आणि लोक ती टिकाऊपणाची हमी समजतात. हा शब्द १९९१ साली जॅक डुगान या अमेरिकन छपाईकारानं आयरिस नावाच्या यंत्रावरच्या प्रिंटसाठी शोधला, आणि आयरिसच्या शाया डाय होत्या, त्याही लवकर उडणाऱ्या. त्यामुळे पाटीवर भागवू नका. कोणती शाई आणि कोणता कागद, हे दोन प्रश्न विचारा.

दुसरं काम: कागद

शाई आणि कागद यांचं लग्न असतं. पत्रिका न जुळवता लावलं तर रोज भांडण.

सुती कागद, म्हणजे कॉटन रॅग, मॅट पृष्ठाचा आणि हाताला जाड लागणारा. हानेम्यूले आणि कॅन्सन या युरोपातल्या जुन्या गिरण्यांचे ३०८-३१० जीएसएमचे (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद चित्रकारांना सगळ्यात आवडतात. हा कागद पिगमेंटसाठीच. त्यासाठी प्रिंटरमध्ये मॅट ब्लॅक ही वेगळी काळी शाई असते. डाय छापली तर ती मुरून पसरते, काळा राखाडी दिसतो, आणि महागडा कागद घेऊन जो टिकाऊपणा विकत घेतला तो शाईनं घालवलेला असतो. सुती कागदावर डाय छापून "आर्काइव्हल", म्हणजे दीर्घकाळ टिकणारे, म्हणून विकलेले प्रिंट मी पाहिलेत. वाईट वाटतं.

ग्लॉसी आणि लस्टर (अर्धवट चमकेच्या) फोटोपेपरवर उलटं. डाय मुरते, त्यामुळे कागदाची चमक सगळीकडे एकसारखी राहते. पिगमेंट वर बसतं, त्यामुळे जिथे शाई जास्त तिथे एक चमक आणि कोऱ्या पांढऱ्यावर दुसरी. प्रिंट तिरका धरला की गडद भागावर तांब्यासारखी झाक येते. ती झाकायला काही यंत्रांत वरून एक पारदर्शक लेप मारतात. कॅननच्या पिगमेंट यंत्रांत त्याला क्रोमा ऑप्टिमायझर म्हणतात. त्यानं बराच फरक पडतो, पण लग्नाच्या अल्बमची ती ओली ओली चमक डायचीच.

या दोघांच्या मधला बरायटा. चमकदार पण काचेसारखा नाही, जुन्या डार्करूमच्या कागदासारखा. पिगमेंटमध्ये फोटो छापणाऱ्याला मी आधी हाच सुचवतो.

निवडायला एक आकडा उपयोगी पडतो. चांगल्या मॅट कागदावर पिगमेंटचा सगळ्यात गडद काळा १.६ ते १.७ घनतेपर्यंत (काळा किती गडद ते सांगणारा आकडा) जातो, बरायटावर २.३ च्या पुढे. मोजपट्टी लॉगची आहे, दर एका अंकाला दहापट, म्हणून फरक ०.७ दिसला तरी मॅटचा काळा जवळजवळ पाचपट जास्त प्रकाश परत फेकतो. जलरंगाच्या प्रतीला याची गरजच नसते, मॅटवर ती मूळ कागदासारखीच दिसते. तैलचित्राच्या प्रतीला असते. आपल्या जिल्ह्यात औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. तैलरंगाच्या प्रती छापायच्या असतील तर एकदा तिथे जाऊन चित्रांतल्या गडद भागांसमोर थांबा. तैलरंगाचा काळोख कसा खोल आणि ओलसर असतो ते डोळ्यांत भरून घ्या. मॅट कागदावर तो येत नाही हे मग मला सांगावं लागणार नाही.

खूप शुभ्र कागद घेताना जपून. बऱ्याच कागदांत कपड्यांच्या पावडरीत असतात तसे ब्राइटनर असतात. उन्हात ते थकतात आणि कागद त्याच्या मूळच्या पिवळसर रंगावर येतो. शाई शाबूत, पण चित्र पिवळं पडल्यासारखं दिसतं. विकायच्या प्रिंटला ब्राइटनर नसलेला किंचित उबदार पांढरा कागद चांगला.

तिसरं काम: तुमचे रंग

तुम्ही काय छापता? कासची फुलं छापणाऱ्याला हा प्रश्न सगळ्यात आधी येऊन भिडतो. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा निघतो. सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा दोन्ही शायांना घाम फोडतो. ग्लॉसी कागदावर डायचे गडद, भडक रंग अजूनही पिगमेंटच्या पुढे असतात. पिगमेंटवाल्यांनी ते अंतर जादा रंग घालून कमी केलंय. एपसनच्या पी ७०० आणि पी ९०० मध्ये जांभळी शाई वेगळी आहे, कॅननच्या प्रो १००० मध्ये निळी आणि तांबडी. फुलं छापणार असाल तर यादीत हे शोधा.

पोट्रेट, जुने वाडे, धुकं, कृष्णधवल यांना त्या भडकपणाची गरज नसते. त्यांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या लागतात, आणि त्या एकापेक्षा जास्त राखाडी शाया असलेल्या यंत्रात येतात. साध्या सहा रंगांच्या डाय यंत्रात कृष्णधवल चित्र तिन्ही रंग मिसळून बनतं, त्यामुळे कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक डोकावते. कृष्णधवल हेच तुमचं काम असेल तर निवड इथेच संपली. पिगमेंट.

एक सवय लावून घ्या. नमुन्याचा प्रिंट दुकानातल्या ट्यूबखाली पसंत करू नका. खिडकीजवळ, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि एलईडीखाली, तिन्ही ठिकाणी बघा. पहिल्या पिढीच्या पिगमेंट शायांत हा दोष फार होता, उन्हात चित्र हिरवट आणि दिव्याखाली तांबूस दिसायचं. आताच्या शायांत खूप कमी झालाय, पण राखाडी भागात अजून डोळ्याला जाणवू शकतो. आणि प्रिंट छापल्याछापल्या रंगावर मत देऊ नका, डाय तर रात्रभर सरकत असते.

चौथं काम: तुम्ही किती वेळा छापता

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण साताऱ्यात पिगमेंट प्रिंटर सगळ्यात जास्त मेलेले मी याच कारणानं पाहिलेत.

गेरूचं पाणी आठवा. पिगमेंट शाई उभी राहिली की कण खाली बसतात आणि हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, केसाहून बारीक तोंडांत वाळून घट्ट होतात. डायही वाळते, पण पुन्हा शाई आली की बहुतेक वेळा विरघळून सुटते. पिगमेंट सहजी सुटत नाही. त्यामुळे आठवड्याला एकदा तरी सगळे रंग वापरणारा एखादा छोटा प्रिंट काढलाच पाहिजे. काही जमलं नाही तर निदान नोझल चेक, म्हणजे प्रत्येक तोंडातून शाई येते का ते रेघांनी दाखवणारं पान. माझ्याकडे दर सोमवारी सकाळी तो निघतो आणि तारीख घालून वहीत लागतो. एखादी रेघ तुटायला लागली की दोन-तीन सोमवार आधीच कळतं.

रेघ तुटली की लोक घाबरून सहा वेळा हेड क्लीनिंग करतात. करू नका. एकदा करा, नोझल चेक काढा, नाही सुटलं तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा. वाळलेली शाई ओल धरून मऊ होते. सकाळी पुन्हा एकदा. पाठोपाठ क्लीनिंग केलं की शाई संपते, मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेली शाई साठवणारा डबा) भरतो, आणि काही वेळा हवा शिरून जास्त रेघा तुटतात.

आपल्याकडे याला वीज जोडलेली आहे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानंच बंद करा. बटण दाबल्यावर हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि ओलं राहतं. भिंतीवरचा स्विच बंद केला, किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, की हेड अर्ध्या रस्त्यात उघडं पडतं. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी तसं दोन-तीन तास राहिलं तर तोंडं वाळतात. म्हणून पिगमेंट प्रिंटरला यूपीएस लावाच, निदान चालू प्रिंट संपवून हेड टोपीवर जाईल एवढा. लाइट येऊन प्रिंटर आपोआप चालू झाला नाही तर तुम्ही चालू करा आणि मग बटणानं बंद करा.

उन्हाळ्यात प्रिंटरशेजारी पाण्याचं उथळ भांडं ठेवा, पंखा थेट यंत्रावर सोडू नका. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. हेड खूश, कागद नाराज. सुती कागद दमट हवेत कडेनं लाटांसारखा उठतो, हेड त्या लाटेला घासतं आणि पांढऱ्यावर काळा ओरखडा येतो. कागद घट्ट पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा, जाड कागदासाठी ड्रायव्हरमधलं हेडचं अंतर वाढवा. डायच्या प्रिंटवर पावसाळ्याचा आणखी एक परिणाम होतो. फार दमट खोलीत रंग कडेनं किंचित पसरतात, बारीक रेघा जाड दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या हॉटेलांसाठी छापणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी पिगमेंटच घ्यावं.

एपसन आणि कॅननमधला फरकही इथेच लक्षात घ्या. एपसनचं हेड यंत्रात कायमचं बसवलेलं असतं, गेलं तर सर्व्हिस सेंटर गाठायचं, आणि खर्च ऐकून बरेच जण नवीन यंत्र घेतात. कॅननच्या फोटो प्रिंटरांचं हेड उष्णतेवर चालतं आणि काढून नवीन बसवता येतं. पुण्या-मुंबईपासून लांब राहणाऱ्या माणसाला हा फरक रंगांच्या फरकाइतकाच मोठा.

आणि तुम्ही वर्षातून तीन-चार वेळाच छापत असाल, गणपतीला, दिवाळीला, एखाद्या प्रदर्शनाला, तर पिगमेंट प्रिंटर घेऊच नका. पुण्यातल्या एखाद्या चांगल्या छपाईघराकडे फाइल पाठवा, शाई आणि कागद कोणता ते लेखी घ्या. पैसे वाचतील आणि प्रिंट चांगला मिळेल.

खर्चाचं थोडक्यात

टाकीच्या डाय प्रिंटरची बाटली ७० मिलीची असते, एपसन एल १८०० सारख्या यंत्रात. पी ७०० चं पिगमेंट कार्ट्रिज २५ मिलीचं, पी ९०० चं ५०, कॅनन प्रो १००० चं ८०. भाव बदलतात म्हणून लिहीत नाही, पण मिलीला किती रुपये पडतात तो भागाकार दुकानातच करा. यंत्र स्वस्त आणि कार्ट्रिज छोटं असेल तर फरक वर्षभरात शाईतून निघतो. त्यावर क्लीनिंगची शाई आणि मेंटेनन्स बॉक्स धरा. जुनं पिगमेंट यंत्र घेणार असाल तर विचारा, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक (चमकदार कागदासाठीची काळी शाई) बदलताना शाई वाया जाते का. जुन्या यंत्रांत दोघींना एकच वाट असायची. पी ७०० आणि पी ९०० मध्ये त्या वेगळ्या केल्या आहेत.

बाजारात डाय प्रिंटरच्या टाक्यांत घालायला सुटी पिगमेंट शाई मिळते. कष्टाळू लोक त्यातून बरे प्रिंट काढतात. पण कंपनीची हमी जाते, कारखान्याचं रंगांचं प्रोफाइल (त्या यंत्रावर, शाईत आणि कागदावर रंग कसे उतरवायचे ते सांगणारी फाइल) निरुपयोगी होतं, आणि टिकण्याचे कंपनीचे आकडे त्या शाईला लागू होत नाहीत. विकायच्या कामासाठी मी ती वापरत नाही. टाकीत डाय शिल्लक असताना वरून पिगमेंट तर कधीच ओतू नका. दोन्ही मिसळून गुठळ्या होऊ शकतात आणि हेड जातं.

पाचवं काम: तुमच्याच खिडकीत परीक्षा

हे केल्याशिवाय मोठी खरेदी करू नका. दोन्ही शायांचे नमुने मिळवा. ओळखीच्या दुकानातून, छपाईघरातून, कुठूनही. एकच फाइल द्या. त्यात हव्यात सहा रंगांच्या गडद आणि फिक्या चौकटी, राखाडीची एक पट्टी, आणि तुमच्या चित्राचा एक तुकडा, शक्यतो त्वचेचा किंवा आकाशाचा. कारण रंगातला बदल डोळ्याला तिथेच आधी कळतो. प्रत्येक शाईच्या चार सारख्या पट्ट्या कापा आणि पाठीवर पेन्सिलीनं शाई, कागद, तारीख लिहा.

पहिली पट्टी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत, काचेच्या आत, उन्हाकडे तोंड करून. तिचा अर्धा भाग काळ्या जाड पुठ्ठ्यानं झाका. दुसरी खोलीतल्या सावलीच्या कोपऱ्यात, जिथे वारा खेळतो तिथे उघडी टांगा. तिलाही अर्धी झाका, पण प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटानं. तिसरी फ्रेम करून काचेखाली, नेहमीच्या भिंतीवर. चौथी वहीत, बंद कपाटात. ही चौथी म्हणजे साक्षीदार.

दर महिन्याच्या एक तारखेला चारही पट्ट्या खिडकीजवळच्या उजेडात शेजारी ठेवून मोबाइलवर एकच फोटो काढा. निकाल असा वाचायचा. खिडकीतली पट्टी विटली आणि सावलीतली ठीक, तर शत्रू प्रकाश. सावलीतली उघडी बाजू विटली आणि पाकिटातली ठीक, तर शत्रू हवा, आणि काच लावली की निम्मं काम झालं. राखाडी पट्टीला रंगाची झाक आली तर एक शाई बाकीच्यांपेक्षा आधी जातेय. नुसता सगळा प्रिंट थोडा फिका झाला तर लोक खपवून घेतात, पण चेहरा हिरवट झालेला कोणी खपवून घेत नाही.

होळीला लावलेल्या पट्ट्या पावसाळा सुरू होईपर्यंत बरंच सांगतात. माझ्या खिडकीत डायच्या पट्टीवरची झाकलेल्या आणि उघड्या भागांमधली रेघ त्या मुदतीत स्पष्ट दिसली, पिगमेंटची शोधावी लागली. तुमची खिडकी वेगळी, तुमची शाईही वेगळी असेल. म्हणून तर स्वतः करायचं.

आता यंत्र

एवढं झाल्यावर यंत्र निवडणं सोपं असतं. लग्न, बारसं, अल्बम, पासपोर्ट फोटो हेच काम आणि रोजची छपाई असेल तर टाकीचा सहा रंगांचा डाय प्रिंटर. स्पर्धा आणि पोर्टफोलिओसाठी भडक ग्लॉसी हवं असेल तर कॅनन प्रो २०० सारखा आठ रंगांचा डाय. स्वतःची चित्रं विकणाऱ्या चित्रकाराला प्रो ३०० किंवा पी ७०० च्या वर्गातलं ए-३ प्लसचं पिगमेंट यंत्र, आणि सतरा इंची कामं येत असतील तर पी ९०० किंवा प्रो १००० चा वर्ग. मॉडेलांचे आकडे बदलत राहतात, वर्ग तोच राहतो. जुने घराण्यातले फोटो दुरुस्त करून देणाऱ्यांनीही पिगमेंटच घ्यावं, मॅट सुती कागदासह. आजोबांचा फोटो लोक बदलायला आणत नाहीत, पुढच्या पिढीला देतात.

यंत्र आलं की कागदाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमचं यंत्र आणि तो कागद यांच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल उतरवा. मॉनिटरचा उजेड कमी करा, नाहीतर प्रत्येक प्रिंट काळा वाटेल आणि दोष शाईला जाईल.

छापल्यावर

डायचा प्रिंट किमान चोवीस तास मोकळा ठेवून मगच फ्रेममध्ये घाला. पिगमेंटचा ग्लॉसी किंवा बरायटा प्रिंटही. शाईतले द्रव हळूहळू उडतात, आणि घाईनं काच लावली तर काचेच्या आतून धुक्यासारखा थर जमतो. वर साधा कोरा कागद ठेवला तर तो ते शोषून घेतो, काही तासांनी बदला. मॅट पिगमेंटचा पृष्ठभाग वरवर बसलेला असतो, गडद भागावर नखाचा ओरखडाही पांढरा उमटतो. तो कडेनंच धरा, प्रिंटवर प्रिंट सरकवू नका.

फ्रेमवाल्याकडे स्वतः जा. त्याला तीन गोष्टी सांगा: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लमुक्त बोर्डचा, प्रिंटला मागून पूर्ण गोंद नको, वरच्या बाजूनं दोन ठिकाणी कागदी बिजागरीवर टांगायचा, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये. माउंटमुळे ती दोन-तीन मिलिमीटर दूर राहते. पावसाळ्यात काचेला टेकलेला प्रिंट चिकटतो आणि मग काच आणि चित्र वेगळं करता येत नाही. अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर घ्या, पण ती लावली म्हणून उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

मावशीचा फोटो मी पुन्हा छापून दिला. पिगमेंट, सुती मॅट कागद, माउंट, काच. आसवांचा जांभळा पूर्वीएवढा भडक नाही, मावशीनं ते लगेच ओळखलं. ओसरीवरून तो माजघरात आला, जिथे दिवसभर मंद उजेड असतो. पाठीवर पेन्सिलीनं शाई, कागद, छापल्याची तारीख लिहिली आहे, आणि खाली "उन्हात लावू नये". शेजारी एक छोटं पाकीट चिकटवलंय, त्यात त्याच प्रिंटची दोन बोटांची पट्टी. दर दिवाळीला ती काढून चित्राशेजारी धरायची, एवढं मावशीनं स्वतःहून अंगावर घेतलंय.